गवती खुर्चीतलं स्थळ

पॅरिस, जानेवारी

तीर्थरूप गिलमेतताईस,

धाकट्या ओझानचा नमस्कार. रूआँला थंडी कशी आहे? भावोजींचा गुडघा अजून कुरकुरतो, की त्यांच्या वाटचं तूच कुरकुरतेस, ते कळव. मी ठणठणीत. (आवाज बसलाय, पण तो हसून हसून.)

तू पाठवलेलं स्थळ पोचलं. बार्नाबे कोक्रेल, सफरचंदाच्या दारूचे व्यापारी, विधुर, दात शाबूत; तू लिहिलंस त्यात खोट नाही. फक्त त्यांनी जन्मात नाटक पाहिलेलं नाही, हे लिहायचं राहिलं. त्यांनी ऐटीत सगळ्यात भारी जागा मागितली, म्हणजे अर्थातच रंगमंचावरची; इथे बडे लोक रंगमंचाच्या कडेलाच बसतात. उमरावांच्या रांगेत, गवताने विणलेल्या खुर्चीवर, माझ्यासाठी आणलेलं गावचं चीज मांडीवर घेऊन बसले. वर मेणबत्त्यांची झुंबरं. दुसऱ्या अंकापर्यंत चीज पाघळलं आणि शेजारच्या उमरावाने रुमालात तोंड खुपसलं. (लोकांना वाटलं, माझ्या दुःखाने रडतोय. मला टाळ्या पडल्या.)

माझं काम अठरा वर्षांच्या मुलीचं. (हसू नकोस, मेणबत्तीचा उजेड दयाळू असतो.) चौथ्या अंकात बाप तिला म्हाताऱ्या सावकाराच्या गळ्यात बांधायला निघतो, मी नाही म्हणते, तो हात उगारतो. हात वर गेला आणि बार्नाबे उठले.

"अहो, पोरगी नाही म्हणतेय, ऐकू येत नाही का?"

बापाचं काम करणारा लूबँ गडबडला. "तुम्ही कोण?"

"मीसुद्धा मागणी घालायलाच आलोय. पण मी आधी तिला विचारीन." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुम्हाला कुठे जायचंय?"

ताई, इथे मी प्रियकराच्या मिठीत शिरायचं असतं. आमचा तिबो गुडघे टेकून (बार्नाबेंच्या मांडीवरून सांडलेल्या चीजवर) वाट बघत होता. पण इतकी वर्षं नाटकांत बापांनी मला ढकललं आणि प्रियकरांनी ओढलं. कुठे जायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं, "कुठेच नाही. मी इथे बरी आहे."

खाली उभ्या असलेल्या लोकांनी नाटकगृह डोक्यावर घेतलं. खेळ लग्नाविनाच संपला, आणि आमच्या नाटक मंडळीत मतं घेऊन (त्यात माझंही, पुरुषांइतक्याच वजनाचं) आम्ही तोच शेवट कायम केला.

नंतर मी बार्नाबेंना स्पष्ट नकार दिला. लग्न केलं की मंडळीच्या कमाईतला माझा वाटा नवऱ्याच्या हाती जाणार, आणि तो मी कष्टाने मिळवलाय. तेव्हा हा विषय इथेच मिटला. रागावू नकोस.

तुझी,
ओझान

ता. क. बार्नाबे गावी परतलेले नाहीत. रोज तीच खुर्ची. (चीज दारावरच काढून घेतात.) चौथ्या अंकात उठून तोच प्रश्न विचारतात. लोक आता तिबोपेक्षा त्यांचीच वाट पाहतात. तिबो माझ्याशी बोलत नाही.

आणखी ता. क. काल खेळ संपल्यावर, रिकाम्या रंगमंचावर, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं. खुर्चीचं गवत उपटत म्हणाले, "मग मीच इथे येतो. तुमचा वाटा तुमच्याकडे, तसं नोटरीसमोर लिहून देतो."

शेवटचा ता. क. आईचा लग्नातला निळा झगा पाठव. नाटकासाठी हवाय. (नाटकात आता लग्न उरलेलं नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.) कमरेत थोडा सैल कर. अठरा वर्षांची मी फक्त मेणबत्तीच्या उजेडात असते, आणि लग्न सकाळचं आहे.