हाज्ज बूश्तांच्या पायाची बोटं

२ डिसेंबर
हाज्ज बूश्ता आमच्या शामाला मुलासाठी मागणी घालायला येणार! पण अट घातली आहे. म्हणाले, "सी मफद्दल, तुमच्याकडून येणाऱ्या काळ्या पाण्याने खाली माझा पुदिना जळतो. नदी पायी ओलांडताना मला माझी बोटं दिसतील, त्या दिवशी येईन." रास्त आहे. लगेच नदी स्वच्छता समिती काढली. अध्यक्ष मी.

४ डिसेंबर
पहिली बैठक माझ्या तेलघाण्यात. तिथे ऊब असते. घाणा जोरात चालू, कुणालाच काही ऐकू आलं नाही. सगळे ठराव एकमताने मंजूर.
बायकोने, रहमाने विचारलं, "आपल्या घाण्याचं काळं पाणी कुठे जातं हो?" सांगितलं, ऑलिव्हचं पाणी फळाचं, नैसर्गिक. म्हणाली, "मग त्याचाच चहा टाकू?" हिला विज्ञानात गती नाही.

७ डिसेंबर
दोषी शोधायला नदीच्या वरच्या अंगाला गेलो. आमच्या घाण्याच्या वर एक दर्गा आणि लल्ला फदीलाच्या शेळ्या. शेळ्या पाण्यात उभ्या. संशयास्पद. फदीलाला कडक समज दिली. म्हणे, "माझ्या शेळ्या दूध देतात, डांबर नाही." उद्धट बाई.

१० डिसेंबर
घाण्यामागे मोठा खड्डा खणून पाणी त्यात सोडायचं. गरज नाही, पण लोकांपुढे आदर्श हवा. उद्या नक्की.

११ डिसेंबर
पाठ धरली. खड्ड्याऐवजी नदीकाठी बोर्ड लावला : 'नदी स्वच्छ ठेवा. हुकुमावरून, अध्यक्ष.'

१३ डिसेंबर
घाण्याचा पट्टा तुटला. नवा फेस शहराहून येणार. ऐन हंगामात! माझं नशीबच फुटकं.

१६ डिसेंबर
पाणी निवळलं! तळाचे गोटे दिसतात. बोर्डाचा प्रभाव. हाज्जना निरोप धाडला, उद्या या. शामा कणीक मळता मळता गुणगुणत होती. किती दिवसांनी. माझे डोळे भरून आले.
पट्टाही आला. बसवून घेतला.

१७ डिसेंबर, सकाळ
सोयऱ्यांपुढे भाकरीबरोबर शिळं तेल? आमच्या घरात हे होणे नाही. शामा म्हणाली, "बाबा, आज घाणा नको ना." म्हटलं, अगं, वाटीभरच.

संध्याकाळ
हाज्ज पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उतरले. मधोमध थांबून खाली वाकून बघितलं, हसले. मी अलीकडून हात हलवला. मग त्यांचं हसू गेलं. पाय दिसेनासे झाले. झग्याची कड काळी.
"तेल ताजं आहे वाटतं, सी मफद्दल," एवढंच बोलले आणि मागे फिरले. शामासाठी आणलेली पुदिन्याची जुडी तशीच हातात.
शामा नवा काफ्तान घालून दारात उभी होती. रडली नाही. माझ्यापुढे हात केला. मी घाण्याची किल्ली दिली. म्हटलं, "शेळ्यांचा बंदोबस्त करतो." तिने ऐकलंच नाही. रहमा गपचूप भाकऱ्या झाकत होती. मला फार वाईट वाटलं.

२० डिसेंबर
घाणा बंद. ऊब नाही म्हणून समितीला कुणी फिरकलं नाही. शामा सकाळपासून घाण्यामागे खणते आहे. माझी पाठ अजून धरलेलीच.
एकटाच नदीवर गेलो, पाण्यात उभा राहिलो. सगळी बोटं दिसली, वाकडा अंगठासुद्धा. बराच वेळ बघत होतो. थंडी फार होती.
शेळ्या सुधारलेल्या दिसतात.