मशीन थांबलं की होकार

४ मार्च, सोमवार

सुनेनं आज भरल्या खोलीत उभं राहून सांगितलं — आपण तीन प्रतिनिधी निवडू या! माझी सून! माझ्याच शेजारच्या खुर्चीवरून! सकाळी डबे भरताना चकार शब्द काढला नाही.

म्हणे, आपलं शिवणघर आता मोठं झालं. साठजणी आहोत, दोन मजले आहेत. प्रत्येक गोष्टीला सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत थांबलो तर मिळालेलं काम दुसरीकडे जातं. तिघी निवडायच्या, दोन वर्षांसाठी. त्या ठरवतील, बाकीच्यांनी निवांत शिवावं. वरच्या मजल्यावरच्या पोरी जिन्यात उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या.

मी म्हटलं, "एक साहेब गेला, आता तीन साहेबिणी आणायच्या का?" सगळ्या खो खो हसल्या. ती नाही हसली.

पुढच्या सोमवारी ठरणार. पण ठरणार आपल्या जुन्या पद्धतीनं! म्हणजे एक जरी मशीन चालू राहिलं तरी सगळं बारगळणार. आणि एक चालू राहणारच आहे — बघतेच मी!

५ मार्च, मंगळवार

घरात अबोला. चिरंजीवांनी दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं मत कुणालाच नाही. मला फक्त भाजी वाढा." अगदी बापावर गेलाय.

७ मार्च, गुरुवार

दुपारी वीज गेली. मशिनं बंद. मी आणि कटिंगवाली खिडकीशी जुनं उगाळत बसलो. पहिल्या बाराजणींतल्या आम्ही दोघीच उरलोय.

मालकाला धंद्याचा कंटाळा आला आणि तो मशिनं आमच्या हवाली करून गेला, तो दिवस जसाच्या तसा आठवतो. बाराजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. आता ठरवायचं कोणी? चष्मेवाली म्हणाली, "सगळ्यांनी. पण हातातलं काम थांबवून नाही हं, शर्ट उद्या द्यायचेत." त्यातूनच ही पद्धत निघाली. एकीनं मोठ्यानं प्रश्न विचारायचा. सगळ्यांनी शिवत राहायचं. जिला पटलं तिनं मशीन थांबवायचं. सगळी खोली शांत झाली की ठरलं! जिचं चालू असेल तिला विचारायचं — का गं? तिनं सांगायचं. जबरदस्ती नाही. म्हणून तर आमच्याकडे भांडणाच्या दिवशी बाह्या जास्त व्हायच्या!

काय काय ठरवलंय तसं! दाराला रंग कोणता, यावर चार दिवस. निळावाल्या हटेनात, हिरवावाल्या हटेनात, आणि कटिंगवालीचं तिसरंच — रंगच नको. तिला मशीन नाही, तर ती कात्री कचकच वाजवत बसायची. दार शेवटी बिनरंगाचंच राहिलं. किती हसायचो आम्ही! जेवणाचे डबे गार व्हायचे, घरी जायला उशीर व्हायचा, नवरे चिडायचे. पण सकाळी कधी एकदा त्या खोलीत जाते असं व्हायचं. तसं आता होत नाही. खरंच नाही होत.

आणि तो शर्टांचा दिवस. एका व्यापाऱ्यानं आमच्यातल्या एकीला मूर्ख म्हटलं. मी त्याचेच शर्ट उचलून त्याच्या अंगावर फेकले — बटणं लावून तयार असलेले! तो गेला, कामही गेलं. हिच्या तोंडापायी सगळ्यांच्या पोटावर पाय येतो, हिला काढू या, असं निघालं. मी खाली मान घालून बसले होते. एकेक मशीन थांबत गेलं. कटिंगवालीची कात्रीसुद्धा! (आज आठवण करून दिली तर म्हणते, "मग? होतीसच तू तशी!") फक्त चष्मेवालीचं मशीन खडखडत राहिलं. का गं, म्हणून विचारलं. म्हणाली, "हिला काढलं तर उद्या भांडायचं कुणाशी?" दिवे लागेपर्यंत शिवत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी बाकीच्यांनीच नाद सोडला.

ती आता नाही. फार आठवण येते तिची. तेव्हा तिघींच्या हातात असतं, तर मी कायमची घरी बसले असते. हे सुनेला कोण सांगणार? ती तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जात असेल.

९ मार्च, शनिवार

अबोला सुटला. म्हणजे भांडण झालं.

भांडी घासताना सून म्हणाली, "आई, सगळ्यांनी ठरवायचं म्हणता. पण तुमची चर्चा तापते कधी? पाचनंतर. पाच वाजता मी कुठे असते?"

पाळणाघराच्या दारात असते. नातीला आणायला.

"मग थांबायचं एखाद्या दिवशी," मी म्हटलं.

"आणि पोरीला कोण आणणार? तुम्ही?"

मी म्हटलं, मी माझा पोरगा एवढाच असताना झोळीत घालून कामावर नेला, आम्ही नाही असली कारणं सांगितली. तिनं पातेलं इतकं घासलं की कळकट पातेल्यात तोंड दिसायला लागलं.

तिचं चुकलं असं नाही. पण सारखं बरोबरच कशाला बोलायचं माणसानं!

११ मार्च, सोमवार

आज झालं ते लिहून ठेवते.

दुपारी तीनला प्रश्न विचारला. जिन्यात एकजण उभी, वरच्या मजल्यावरचं ऐकायला. पटापट मशिनं थांबली. मला वाटलं होतं जुन्या जरा ताणतील — कसलं काय! कटिंगवालीनं तर कात्री टेबलावर ठेवून हात पुसले. घरभेदी!

राहिलं माझं एकटीचं. मी आपली बटणपट्टी मारतेय. सगळ्या बघताहेत. का हो काकू, म्हणून विचारलं. मी चष्मेवालीची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. म्हटलं, माझं म्हणणं मला दुसरीच्या तोंडी द्यायचं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला वाटलं, जिंकले!

पाच वाजले. सून उठली, पिशवी घेतली आणि नातीला आणायला गेली. तिच्यामागून वरच्या मजल्यावरच्या निघाल्या. त्यांतली एक दारात थांबली — ती कॉलर शिवणारी. सात-आठ वर्षांत तिचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "काकू, मी रोज पाचला मशीन बंद करून जाते. दुसऱ्या दिवशी कळतं की माझा होकार धरला. मी होकार कधी दिलाच नव्हता. मी फक्त घरी गेले होते."

आणि गेली.

मी पट्टी मारत राहिले आणि एकेक आठवत गेलं. पंख्याबद्दल, सुट्टीबद्दल, वरचा मजला घेण्याबद्दल — इतकी वर्षं आम्ही खोली शांत झाली म्हणून खूश होऊन घरी जायचो. ती शांत कशानं झाली हे कधी बघितलंच नाही. चष्मेवालीला दोन दिवस शिवत बसता आलं, कारण तिच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. हे मला आज कळतंय!

मी मशीनच्या पायडलवरून पाय काढला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं केलं. रडू फुटलं असतं.

१२ मार्च, मंगळवार

संध्याकाळी पाचला मशीनवरून उठले आणि नातीला मी आणलं. तिनं रस्ताभर एकच विचारलं — "आई मेली का?" कार्टी!

१८ मार्च, सोमवार

शुक्रवारी निवडणूक. एकीनं एकच नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी डब्यात. पहिल्या तिघी निवडून येणार. उभं राहणं वगैरे नाही, साठांपैकी कुणाचंही नाव चालेल.

जी ती मला म्हणते, "काकू, तुम्ही तर येणारच!" मी म्हणते, "छे गं, मला कुठे!" पण आज केस जरा नीट विंचरून गेले, हेही खरं.

सून जेवणाच्या सुट्टीत वरखाली करते, एकेकीजवळ बसून ऐकून घेते. मी इतकी वर्षं त्या खोलीत बोलले. ऐकत कधी बसले, आठवावं लागेल.

२२ मार्च, शुक्रवार

झाली निवडणूक. सुनेचंच नाव लिहायचं ठरवून गेले होते. अगदी ठरवून! पण निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, "आई, जरा सुवाच्य लिहा हं, तुमचं अक्षर वाचता येत नाही." डोकंच फिरलं माझं. वर्गातल्या पोरीला सांगतात तसं! रागानं खरडलं कटिंगवालीचं नाव.

मतं मोजली. पहिली आली ती कॉलरवाली. तोंड उघडलं एकदा, आणि साठजणींत पहिली! दुसरी इस्त्रीवाली. तिसरी कटिंगवाली — अकरा मतं. सून दहा.

आणि मला एक.

एक! सगळ्यांच्या तोंडावर तुम्हीच तुम्हीच, आणि डब्यात एक. घरी येईपर्यंत हसत होते. घरी आल्यावर मोरीत जाऊन रडले.

२३ मार्च, शनिवार

ते एक कटिंगवालीचं असणार असं धरून चालले होते. विचारलं. म्हणाली, "वेडी का तू? मी तुझ्या सुनेला दिलं."

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना म्हटलं, "कोण बाई ती खुळी, माझं नाव लिहिणारी!"

सून म्हणाली, "मी."

"अगं, स्वतःचं लिहायचं! आली असतीस की बरोबरीला!"

"तुम्हाला एकही पडलं नसतं तर तुम्ही जेवला नसता, आई." चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आणि मला तुमचं होतंच की."

मी हो म्हणाले.