चुलीवरून ओढलेली पाण्याची रेघ

आत्याबाई, सून म्हणून तुमच्याशी बोलायचं तर पदर सावरून उभं राहावं लागायचं. आता बसून लिहिते. तुम्ही असताना एवढी मोकळीक कुठली मिळायला.

पूर आला तर नीरेकाठच्या आपल्या आळीनं काय करायचं, हे आपल्यालाच विचारायला तालुक्याहून माणसं आली, तो दिवस अजून डोक्यात बसलाय. नव्वद सालाच्या पुढची ती वर्षं. देवळापुढच्या अंगणात साहेबानं आम्हा बायकांच्या हातात रांगोळी दिली. आधी गाव काढा, मग पाणी कुठवर येतं ती निळी रेघ ओढा, म्हणाला. ज्या घरावरून रेघ जाईल त्याला सांगावा आधी, माणसं हलवायला ट्रॅक्टर आधी. गाव झकास निघालं. रेघेला मात्र हात अडला. नांदत्या घरात आपल्याच हातानं पाणी कोण काढणार? जी ती बाई आपल्या उंबऱ्याशी आली की रेघ वळवते. मीही वळवली. देवळाला तर सगळ्यांनीच वळसा घातला, आणि पुरात देवळातच जमायचं असं ठरूनही गेलं. रेघ अशी झाली की पाणी नुसतं बाभळीत शिरणार. आळीतल्या एकाही घराला ट्रॅक्टर नाही.

तुम्ही पारावरून उठलात, माझ्या हातातली रांगोळी घेतलीत आणि सरळ आपल्या चुलीवरून रेघ ओढलीत.

"आत्याबाई, भरलं घर हाय आपलं," मी पुटपुटले.

"मागल्या पुरात बी भरलंच हुतं. तवा पाणी काय इचारून आलं?"

शेजारीण म्हणाली, "म्हातारीला वर जायचं हाय, आमाला न्हाय."

"मला उचलायला दोघं लागत्यात. तुला चार लागतील, म्हणून सांगतीया."

ती सोडून सगळ्या हसल्या. "तुझ्या न्हाणीत पाणी येत न्हाय व्हय? मग वड," म्हणत तुम्ही एकेकीपुढं रांगोळी धरलीत. एकेक बाई वाकली. शेजारीण शेवटी, तोंड फुगवून. देवळाच्या पायरीला कुणी हात लावेना, ती तुम्हीच बुडवलीत. मग जमायची जागा माळावर, मेंढ्यांच्या वाड्याशी ठरली. मेंढ्या सोडून निम्मी आळी हललीही नसती.

पुढं एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं. ट्रॅक्टर पहिला आपल्याच आळीत आला. तुम्हाला ट्रॉलीत चढवताना "मला काय पोतं समजलीस?" म्हणून माझ्यावरच ओरडलात. दिवस मावळायच्या आत चुलीत पाणी होतं, देवळातही होतं, आणि आळीतलं झाडून सगळं माणूस माळावर होतं. शेजारणीनं तुम्हाला चहा आणून दिला. तुम्ही म्हणालात, साखर कमी हाय.

त्याच साली थंडीत तुम्ही गेलात, कोरड्या घरात, आपल्या अंथरुणावर.

हे पाठवायचं नाही. तुम्हाला वाचता कुठं येत होतं. पण ट्रॉलीत मी तुमचा दंड घट्ट धरला होता आणि तुम्ही पडू नये म्हणून धरलाय, असं साऱ्यांना सांगितलं. तुम्ही कुठल्या पडताय. भ्या मला वाटत होतं.