कपाटावरचा पाऊस

तीर्थस्वरूप दादांना पुढून, दोन्ही बाजूंनी आणि (तुमच्याच शिकवणीप्रमाणे) मागच्या दोन कोपऱ्यांतूनही वाकून नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींकडून कळलं की नाट्यगृहातला मोठा स्पीकर तुम्ही एकट्यानं उचलायला गेलात आणि जसे वाकलात तसेच घरी आलात. जपा हो. पन्नाशीनंतर माणसानं फार तर विडा उचलावा, स्पीकर उचलू नये. इकडे सगळं क्षेम. तुमची बहीण बरी आहे. आई ठणठणीत आहेत (किती, ते पुढं येईलच). माझं चष्म्याचं दुकानही बरं चाललं आहे. लोकांना नीट दिसत नाही तोवर आम्हाला मरण नाही. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण आमच्या घरात हल्ली कुठला आवाज कुठल्या खोलीत निघेल याचा भरवसा उरलेला नाही, म्हणून पत्र.

तुम्ही तुमचा जुना संच आम्हाला पाठवलात, पाच स्पीकर, एक मशीन आणि तो ढब्ब ढब्ब करणारा चौकोनी डबा, त्याबद्दल आभार कसे मानू कळत नाही. (खरंच कळत नाही. पत्र संपेपर्यंत बहुतेक कळेल.) तो आला तेव्हा आई आणि तुमची बहीण मावशींकडे चार दिवसांसाठी गेल्या होत्या. म्हटलं, परत येतील तेव्हा घराचं थिएटर झालेलं असेल आणि जावई काय चीज आहे ते सासूबाईंना एकदाचं कळेल. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, तुमची चार पानी सूचनावही समोर मांडली आणि कामाला लागलो.

आता दादा, तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मापाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. आमच्या धंद्यात पाव नंबर चुकला तर गिऱ्हाईक जिन्यावरून घरंगळतं. तुम्ही लिहिलं होतं, मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या पाठीमागे चार फुटांवर, डोक्यापेक्षा उंच. आमचा हॉल पुढून मागे साडेनऊ फूट, आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. तो चार फूट पुढं ओढून पाहिला. गुडघे टीव्हीच्या टेबलाला लागले आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या भुवईतला एकेक केस मोजता आला. सोफा परत ढकलला. मग टेप घेतली, सोफ्याच्या पाठीपासून चार फूट मोजले, तर टेप भिंत ओलांडून पलीकडच्या खोलीत बरोबर कपाटाच्या माथ्यावर जाऊन पोहोचली. उंचीही अचूक! खोली आईंची, कपाटही त्यांचंच. पण तुमच्या चार पानांत भिंतीबद्दल एक अक्षर नव्हतं, हे तुम्ही कृपा करून लक्षात घ्यावं.

भिंतीला बोटभर जाडीचं भोक पाडलं. पलीकडे चुना आणि विटेचा भुगा पडला, तो झाडला. वायरी ओढल्या आणि दोन्ही स्पीकर कपाटावर, आईंच्या लांबच्या प्रवासाच्या बॅगांमागं, दिसणार नाहीत असे ठेवले. त्यांची खोली विद्रूप होऊ नये एवढाच त्यात हेतू होता. (दादा, तुम्ही हसताय.) मग ते चाचणीचं. तुमचं मशीन एकेका स्पीकरमधून पाळीपाळीनं शूऽऽ करतं. मागचे वाजतात का ते ऐकायला मी आईंच्या खोलीत धावायचो, तोवर शूऽऽ पुढं हॉलमध्ये आलेलं असायचं. मी हॉलमध्ये, की ते मागं. तासभर आमची लपाछपी चालली. शेवटी मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो, एक कान इकडे, एक कान तिकडे, आणि त्या क्षणी, खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला. सगळं घर श्वास घेत होतं.

चौथ्या दिवशी मंडळी परतली. सांगायचं अगदी ओठांवर होतं. पण उंबरठ्यातच आईंनी विचारलं, “घरात काही मोडलं नाही ना?” मी म्हटलं, “छे!” (मोडलं नव्हतंच, भोक पाडलं होतं. विचारणाऱ्यानं प्रश्न नीट विचारावा.) आणि एकदा छे म्हटल्यावर माणसाला मागं येता येत नाही.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी एक सिनेमा लावला. आई नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत; आमचा सोफा माणसाला गिळतो असं म्हणून त्या हॉलमध्ये बसत नाहीत. सिनेमात पाऊस सुरू झाला. पुढच्या स्पीकरांवर माणसं बोलत होती, पण पाऊस दादा, पाऊस सगळा मागं! चार मिनिटांत आई छत्री उघडून बाहेर आल्या. आमच्या आणि टीव्हीच्या मधून ताठ मानेनं गॅलरीत गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. दोरीवरचे सगळे कपडे काढून, छत्रीखाली धरून परत गेल्या. तुमच्या बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर मुसळधार चालू होती, त्यामुळे प्रसंग निभावला.

दुसऱ्या दिवशी सिनेमा नको म्हणून गाण्याची मैफल लावली. संगीतात कसला धोका, असा माझा अडाणी समज. गाणं पुढच्या स्पीकरांतून येतं हे खरं, पण श्रोते कुठं बसतात? तुमच्या मशीनच्या मते आईंच्या कपाटावर. त्या आत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत स्वतःशीच गुणगुणत होत्या. इकडे गाणं संपलं आणि तिकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी “वाऽ” सुद्धा म्हणालं. आई दारात आल्या तेव्हा चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मी रिमोट पायाखाली सरकवला. “आज आवाज बरा लागला होता,” एवढंच म्हणाल्या आणि पाणी पिऊन आत गेल्या. त्यानंतर तासभर त्या गात होत्या. मी मैफल बंद करण्याचा क्रूरपणा केला नाही.

इथवर ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मात्र मी तोंड उघडायला हवं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर पाणीखात्यातले एक कारकून राहतात. चालले तर फरशीला कळत नाही, म्हणून आम्ही आपसात त्यांना मांजरपावले म्हणतो. सभ्य माणूस. जिन्यात भेटले तर भिंतीला चिकटून वाट देतात. त्या दिवशीच्या सिनेमात नायिका दाराआड रडत होती, आणि दाराआड म्हणजे मशीनच्या हिशेबानं मागं. चांगली दहा मिनिटं रडली. आई खोलीतून निघाल्या, चपला घातल्या आणि थेट वर. मला वाटलं, मिरच्या-बिरच्या मागायला गेल्या असतील. मग जिन्यातून त्यांचा आवाज आला (पाचही स्पीकर एकत्र केले तरी तसा येणार नाही), “अहो, बायकोला असं रडवता? लाज नाही वाटत?”

मी धावलो. अर्ध्या जिन्यावर थांबलो, कारण तिथून मला सगळं दिसत-ऐकू येत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हतो. मांजरपावले हातात पिशवी, पायात एकच चप्पल, अशा अवस्थेत चाचरत होते, “मावशी, ती कुठं रडतेय? ती तर भाजी चिरतेय.” तेवढ्यात त्यांची बायको दारात आली. आईंकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि दादा, तिला रडूच कोसळलं. खरंखुरं. हातात अर्धवट चिरलेली भाजी तशीच. म्हणाली, “दीड वर्ष झालं, ‘आलो’ आणि ‘जेवलो’ याखेरीज हे माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.” मांजरपावले खालीच बसले, पायरीवर. हातातली पिशवी बाजूला ठेवून म्हणाले, “मला वाटलं, तुला शांतता आवडते.”

मी आल्या पावली खाली उतरलो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो. कारण मला एकट्यालाच माहीत होतं की हा न्यायनिवाडा एका सिनेमातल्या रडण्यावर उभा आहे. पण आता सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडानं? वर तर संसार मार्गी लागला आहे. दोघं रोज संध्याकाळी बोलतात, आणि अखंड बोलतात. दीड वर्षाची थकबाकी आहे. छतातून इतका आवाज येतो की आम्हाला सिनेमातले संवाद ऐकू येत नाहीत. मांजरपावले जिन्यात भेटले तर माझा हात हातात घेऊन म्हणतात, “तुमच्या आईंना देवमाणूस म्हणतात ते काही उगाच नाही.” मी मान डोलावतो.

असो. संच उत्तम आहे, वहिनींना नमस्कार, पाठीला शेक घेत जा.

तुमचा आज्ञाधारक (मापात तरी),
जावई

ता. क. पुढच्या रविवारी आई तुमच्याकडे यायला निघणार, म्हणजे शनिवारी कपाटावरच्या बॅगा निघणार, म्हणजे बॅगांमागचे स्पीकर दिसणार. तर एक बारीकशी विनंती. स्पीकर त्यांच्या खोलीत ठेवायची कल्पना तुमची होती, असं त्यांना फोन करून आधीच सांगून टाकाल का? मुलाला आया माफ करतात. जावयाच्या बाबतीत तसा दाखला नाही.

ता. क. २. पत्र टपालात टाकायला आईंच्याच हाती देतो आहे, मला दुकान उघडायचं आहे. काळजी नसावी. त्यांचा चष्मा दांडी बसवायला माझ्या दुकानात आहे. त्याशिवाय त्यांना पाकिटावरचं तिकीटसुद्धा दिसत नाही.

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर माझं नाही. चष्मा नाही म्हणून वरच्या मजल्यावरून हिला बोलावून घेतलं, तिनं वाचून दाखवलं आणि आता मी सांगते तसं ती लिहिते आहे. मध्ये मध्ये हसते, तेव्हा शाई सांडल्यास समजून घे. माझ्या कपाटावर काय आहे ते मला कळणार नाही होय रे? आल्या दिवशीच उशीवर चुना होता. तुझ्या बहिणीनं चादर झटकली आणि मला डोळा मारला. कपडे वाळले होते म्हणून आणले, छत्री जावईबापूंसाठी उघडली होती. म्हटलं बघू, किती दिवस गप्प बसतात ते. आणि ही पोर वर वर्षभर रडत होती, तुझा तो संच यायच्या आधीपासून. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायला निमित्त लागतं, ते मिळालं. कपाटावरचे दोन्ही डबे आहेत तिथंच राहू देत, मला टाळ्यांची सवय झाली आहे. जावईबापूंनी सांगितलंय तसा फोन मात्र जरूर कर. मी आश्चर्य दाखवीन. ते हॉलमध्ये कान लावून बसतील, बिचाऱ्यांचा हिरमोड नको.

(लिहिणारीचाही नमस्कार. वर्षभर नाही, दीड वर्ष. आणि सिनेमा आम्हाला वर स्पष्ट ऐकू येतो. त्या दिवशी विळीपाशी मी तोच ऐकत होते. काल शेवट कळला नाही, जरा मोठ्यानं लावायला सांगाल का?)