दादाचा बोलका डबा

मंगळवार, ६ मार्च

दादाचा कॉम्प्युटर गेला! दुपारी ऑफिसात वहिनीचा फोन — "स्क्रीन काळी झालीय. तो नुसता बघतोय माझ्याकडे." हातातलं काम टाकून निघाले. उघडून पाहिला. आतून जळालाय, दुरुस्तीच्या पलीकडे.

आजाराने दादाचे हात नेले, पाय नेले, मग जीभ. आता उरल्यात पापण्या — मिटल्या की 'हो' — आणि उजवा गाल. गाल हलवला की स्क्रीनवर एक अक्षर. अक्षर अक्षर जोडून वाक्य झालं की कॉम्प्युटर ते वायरीतून शेजारच्या आवाजाच्या डब्याला पाठवतो, स्क्रीन कोरी होते आणि डबा ते बोलतो. भूगोल शिकवायचा हा माणूस! तोंडाचा पट्टा सुरू झाला की शाळेची घंटासुद्धा ऐकू यायची नाही.

बुधवार, ७ मार्च

माझा लिनक्सचा लॅपटॉप त्याला देऊन टाकायचं ठरवलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तो जुना डबा कशाला घेऊन बसलीस? लॅपटॉपमध्येच फुकट मिळतात आवाज. गोड असतात."

संध्याकाळी लावून पाहिला एक गोड आवाज. पिल्लू, म्हणजे दादाची लेक, खेळता खेळता थांबली. "हे काका कोण?"

तिला बाबाचा खरा आवाज आठवतच नाही. ती बोलायला लागली तोवर त्याचं बोलणं गेलं होतं. तिचा बाबा म्हणजे हा घोगरा डबा, 'ळ'ला 'ल' म्हणणारा. दादाने डोळे फिरवून भिंतीकडे बघितलं.

डबाच हवा. विषय संपला.

गुरुवार, ८ मार्च

डब्याला जुनी सीरियल वायर, नऊ पिनांची. लॅपटॉपला तसं भोकच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं. सिस्टिमने पोर्ट ओळखलं, पण लिहायला परवानगी नाही म्हणे! परवानगी असलेल्यांच्या ग्रुपात नाव घातलं, परत लॉगिन केलं. एकदाचा डबा बोलला — "ट्ट ख्र ट्ट."

वेग जुळत नाहीये. एक भरभर बोलतोय, दुसरा सावकाश ऐकतोय. वहिनी म्हणाली, "म्हणजे आमचं लग्न झालं तेव्हासारखं." दादाचे डोळे हसले.

शुक्रवार, ९ मार्च

डब्याचं माहितीपत्रक कधीच हरवलंय. सेटिंग बदलत एकेक वेग लावून पाहत बसले. ९६०० वर स्वच्छ आलं —

"चिमणे."

मला हाक! पहिलाच शब्द! बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, बाहेर आले. मग "पाणी." मग "पिल्लू ये." मग वहिनीला "डोकं खाऊ नकोस". ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "आला गं माझा नवरा परत."

सोमवार, १२ मार्च

डॉक्टरबाई घरी येऊन गेल्या. छाती थकत चाललीय. गळ्याला छेद देऊन श्वासाचं मशीन लावायचं की नाही, ते आता ठरवायला हवं. "निर्णय त्यांचा. तुम्ही मधे बोलू नका."

त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, "ठरवायचं काय त्यात?" दादा छताकडे बघत होता.

मलाही दुसरं काही ऐकायचं नाहीये. एकच भाऊ आहे मला.

बुधवार, १४ मार्च

ऑफिसात होते. वहिनीचा फोन — "थांब, तो काहीतरी बोलतोय, ऐक." तिने फोन डब्याजवळ धरला.

"खूप विचार केला. मला ते मशीन लावायचं"

मग शांत. मग वहिनीचा हुंदका. "ऐकलंस ना? लावायचं म्हणाला!" डबा तिथेच अडकला म्हणे. "दमलाय तो. बंद करून ठेवते. शनिवारी आलीस की बघ."

जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. सुटल्यासारखं वाटलं!

गुरुवार, १५ मार्च

हॉस्पिटलने सोमवारी बोलावलंय. वहिनी बॅग भरतेय.

शनिवार, १७ मार्च

डबा चालू केला. तपासायला मीच एक लांबलचक वाक्य टाइप करून पाठवलं. निम्म्यावर गप्प. पुन्हा पाठवलं. पुन्हा निम्म्यावर.

डब्याची मेमरी इवलीशी. भरली की तो वायरीतून 'थांब' म्हणतो. कॉम्प्युटरने ऐकून थांबायचं असतं, जागा झाली की पुढचं पाठवायचं. ते ऐकण्याचं सेटिंग मी चालू केलंच नव्हतं. आधी सगळे छोटे शब्द, म्हणून कळलं नाही. लॅपटॉप पाठवतच राहायचा आणि वाक्याचं शेपूट हवेत.

शेपूट.

सेटिंग चालू केलं. वहिनी स्वयंपाकघरात होती. दादाजवळ बसले. "दादा, बुधवारचं वाक्य तुटलं होतं?"

पापण्या मिटल्या.

"पुन्हा म्हणशील?"

गाल हलत राहिला. किती वेळ, देव जाणे. मी स्क्रीनकडे बघितलं नाही. त्याच्या तोंडूनच ऐकायचं होतं.

"खूप विचार केला. मला ते मशीन लावायचं नाही."

मी त्याच्या उशीत तोंड खुपसलं. डबा परत बोलला, तसाच घोगरा — "तिला मी सांगतो. तू फक्त इथे बस."

रविवार, १८ मार्च

दादाने सांगितलं. शेवटपर्यंत. वहिनी रडली नाही, ओरडली नाही. त्याचे केस सारखे करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बुधवारीच कळलं होतं गं. हवं असतं, तर तो 'लावायचंय' म्हणाला असता."