शेवटची फ्रेम आणि तुमचे चौथे कलम

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, वाकता येत नाही. पण कागदावर वाकायला काय जाते?)

ताईचा गुडघा कसा आहे? जिना चढताना ती अजून मलाच शिव्या देते का? लहानपणी मी तिला झाडावरून पाडले होते, त्याचा हिशेब साठ वर्षांनीही चुकता झालेला दिसत नाही. तुमची साखर ताब्यात आहे ना? कपाटामागे लपवलेला डबा ताईला सापडला, असे कळले. वाईट वाटले. नातीचे पुढचे दोन दात आले का? जावईबापूंची पाठ, शेजारच्या काकांचे मोतीबिंदू, आणि तुमचा डावा कान? डाव्या कानाने ऐकू येत नाही असे तुम्ही म्हणता. ताई म्हणते, ती नेहमी डाव्या बाजूला बसते म्हणून. खरे काय ते तुम्हालाच ठाऊक. इकडे हिचा खोकला थांबला आहे, त्यामुळे बोलणे सुरू झाले आहे. मी बरा आहे. फक्त माझ्यावर सरकारी संशय आहे.

घाबरू नका. आणि हे पत्र ताईला वाचून दाखवाल तेव्हा कंसातले तेवढे गाळा. तुमच्याकडून मला काहीही नको आहे. नुसते कळवावे म्हणून लिहितो.

गोष्ट अशी. येत्या महिन्यात तुमच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात. तुम्हा दोघांना न सांगता एक अल्बम करावा, असे माझ्या मनात होते. (आता सांगितल्यावर कसले न सांगता! पण करता काय, अडला हरी.) पहिल्या पानावर तुमचा तो जुना फोटो, पंपघराच्या पायऱ्यांवरचा. तुम्ही तेव्हा तिथे साधे पंपचालक होता, ताई नवी नवरी, आणि मी अठरा वर्षांचा, कुणी न शिकवता कॅमेरा चालवणारा. त्यात तुम्हा दोघांचे पाय आलेले नाहीत, पण चेहरे झकास आहेत. शेवटच्या पानावर त्याच पायऱ्या, आजच्या. कारण ते जुने पंपघर आता पाडणार आहेत.

माझ्या कॅमेऱ्यात बारा फोटोंचा रोल बसतो. दहा फ्रेम घरच्या माणसांवर गेल्या. अकरावी कुणाची, ते सांगतो. आधी बसून घ्या. तुमच्या मातोश्रींची. होय, माईंचा फोटो! जन्मभर कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढणारी बाई. तुमच्या लग्नाच्या फोटोतही त्यांच्या जागी एक पदर उभा आहे. मी दर आठवड्याला तुमच्या धाकट्या भावाकडे त्यांना भेटायला जातो. या सोमवारी आपण होऊन म्हणाल्या, “मेल्या, तो डबा आण तुझा. एकदाच बसेन. पुन्हा म्हणालास तर काठी घालीन.” आणि कुणाला सांगायचे नाही, ही अट. खिडकीपाशी बसल्या, पदर खाली, नजर थेट भिंगात. एक्क्याण्णव वर्षांत पहिल्यांदा. मी कळ दाबली. फोटो हलला नसावा. त्या पुन्हा बसायच्या नाहीत, दाजी. म्हणजे जगात माईंचा चेहरा कागदावर उतरायचा तर त्या एका रोलमधून. आणि तो रोल आज पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या कपाटात, लाखेच्या शिक्क्याखाली कैदेत आहे.

राहिली होती बारावी फ्रेम. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे: शेवटची फ्रेम वाया घालवायची नाही आणि ती संपल्याशिवाय रोल बाहेर काढायचा नाही. ती पायऱ्यांसाठी ठेवली, आणि मंगळवारी सकाळी निघालो. समोरच्या शिंप्याने मान वर न करता विचारले, “काय मास्तर, कॅमेरा घेऊन कुणीकडे?” मी म्हटले, जरा पाय मोकळे करायला. (शिवणयंत्र चालूच ठेवून चौकशी करणारा माणूस मला कधी सरळ वाटला नाही. पुढे जे घडले त्यात त्याचे अंग असणार, हे मी तेव्हाच ताडले.)

फाटकावर पाटी आहे: आत छायाचित्रण करण्यास सक्त मनाई. मी पाटी नीट वाचली. आत मनाई, मी तर बाहेर. रस्ता काय पाणीपुरवठ्याचा आहे? म्हणून रस्त्यावर उभा राहून कामाला लागलो. आता डोळ्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवरचे नीट दिसत नाही, तेव्हा मी अंतर पावलांनी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. फाटकापर्यंत मोजत गेलो, मोजत परत आलो, असे दोनदा, सावली कुठवर येते ते पाहिले, घड्याळ पाहिले, लिहिले. शिवाय माझा कॅमेरा वरून, पोटाशी धरून पाहायचा. त्यामुळे लोकांना वाटते, हा माणूस आपल्याच पोटात काहीतरी शोधतो आहे. तेवढ्यात मानेवर श्वास जाणवला. पहारेकरी.

मी त्याला पाटीतला ‘आत’ समजावून सांगितला. तो म्हणाला, तुम्ही बाहेर आहात आजोबा, पण तुमचे यंत्र आत बघतेय. शेजारीच चार पोरी पाण्याच्या टाकीकडे पाठ करून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होत्या, त्यांच्यामागे अख्खी टाकी येत होती. मी बोट दाखवले. तर म्हणतो, त्या स्वतःचे काढतात, टाकीचा काढणारे तुम्ही एकटेच. आता या न्यायाला काय म्हणावे? चोर सोडून संन्याशाला फाशी!

मला अधीक्षकबाईंपुढे नेले. तुमचीच खोली, तुमचेच टेबल. कडेला चहाच्या कपाचे गोल डाग आहेत ते तुमचेच असणार. बाई वयाने लहान, नजरेने करड्या. पहिला प्रश्न: कॅमेऱ्याला दोन भिंगे कशाला? मी म्हटले, एकातून मी बघतो, दुसऱ्यातून फोटो निघतो. त्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिले. दुसरा प्रश्न: यात काय काय टिपले आहे, उघडून दाखवा. मी म्हटले, उघडले की दाखवण्यासारखे काही उरत नाही. हे अगदी खरे उत्तर आहे, उजेड लागला की अख्खा रोल वाया, कुणीही फोटोग्राफर हेच सांगेल. पण त्या खोलीत ते कसे ऐकू आले असेल, विचार करा. बाईंचा हात कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाकडे गेला, आणि मी कंबर विसरून कॅमेऱ्यावर आडवा पडलो. आडव्या माणसाचा संशय उभ्यापेक्षा जास्त येतो, हे मला त्या दिवशी समजले.

मग माझी वही उघडली. बाईंनी शांतपणे मोठ्याने वाचली, आणि दाजी, माझेच अक्षर असून माझ्याच अंगावर काटा आला. “रस्ता ते फाटक बावीस पावले. पहारेकऱ्याच्या खोलीची सावली दहाला हटते. सव्वादहाच्या आत उरकावे. एकच संधी, चुकून चालणार नाही.” आणि त्याच्यावर, आदल्या दिवशीची नोंद: “म्हातारीचे काम झाले. कुणाला पत्ता नाही.”

पहारेकरी दोन पावले मागे सरकला. मी माईंबद्दल सांगू लागलो, तर बाईंनी विचारले, एवढे साधे होते तर कुणाला पत्ता लागू नये असे का? म्हटले, त्यांनीच शपथ घातली होती. कुणी? म्हातारीने. बाईंनी पेन खाली ठेवले. चहा मात्र दिला. (पहारेकरी मी तो पिईपर्यंत कपाकडे बघत होता. त्याला काय वाटत होते, कोण जाणे. मलाही मग वेगळाच वास येऊ लागला, म्हणून अर्धा ठेवला.)

दुपारी दोनला मला सोडले, कॅमेऱ्याला नाही. त्याला पंधरा दिवसांची मुदत. तोवर योग्य माणसाने ओळख पटवली नाही, तर समिती बसेल आणि सर्वांसमक्ष, भर उजेडात, झाकण उघडून पाहील. सात जण पाहतील आणि सातही जणांना काही दिसणार नाही. माई गेल्या म्हणून समजा.

घरी आल्यापासून माझी झोप उडाली आहे. पहारेकरी नेमका त्याच क्षणी मागे कसा उभा राहिला? कुणीतरी कळवल्याखेरीज? संशय शिंप्यावर. मंगळवारपासून तो खिडकीत बसून काळे कापड शिवतो आहे, आणि मी बघितले की झाकतो. ही म्हणते, तुमचे चोराच्या मनात चांदणे झाले आहे. पण हिनेच परवा पोस्टमनला विचारले, आमची पत्रे कुणी फोडून तर बघत नाही ना. म्हणून या पाकिटाला मी दोनदा खळ लावणार आहे. फाडताना जपा, आत हेच पत्र आहे.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार, नातीला खाऊ पोचल्याचे समजा.

आपला,
मेहुणा

ता.क.: लिहायचे राहून गेले. ओळख कुणी पटवायची, हे मी बाईंना विचारले. त्यांनी नियमाची जुनी फाइल काढली. चौथे कलम: जप्त कॅमेरा फक्त आजी किंवा माजी अधीक्षकाने स्वतः हजर राहून ओळख पटवल्यासच परत द्यावा. पत्र चालणार नाही, फोन चालणार नाही. आजी अधीक्षक मला ओळखत नाहीत. माजी तुम्ही. नियमाखाली सहीही तुमचीच, तीस वर्षांपूर्वीची. किती घट्ट नियम केलात हो!

ता.क. दुसरा: शिंपी आत्ताच येऊन गेला. काळ्या दुहेरी कापडाची पिशवी, तिला दोन बाह्या आणि मनगटाला लवचीक पट्टी. म्हणाला, “हात आत घालून रोल काढता येईल ना मास्तर? उजेड शिरत नाही, मी दिव्यावर धरून बघितलंय.” तरीही समितीसमोर माणूस दोन्ही हात काळ्या पिशवीत घालून बसला तर काय होईल, याचा विचार करून मी ती ठेवून दिली आहे. पण त्याच्याविषयी वर लिहिले ते खोडून वाचा. पहारेकऱ्याला कुणी कळवले नव्हते. तिथे बावीस पावले मोजत चार वेळा फिरणारा मी एकटाच होतो.

ता.क. तिसरा (सगळा कंसात समजावा): त्या फाइलमध्ये नियमाचे कारणही आहे. ऑफिसच्या कॅमेऱ्यातल्या रोलचे फोटो वरच्या कचेरीत गेले, त्यात पंप एक, पंप दोन, आणि तिसऱ्या क्रमांकाला पंपावर पाय टाकून, तोंड उघडे ठेवून गाढ झोपलेले अधीक्षक. वरून विचारणा आली होती: क्रमांक तीन बंद का? तुम्ही तेव्हापासून हेडक्लार्कशी बोलत नाही, कारण कॅमेरा त्याच्या ताब्यात असे. दाजी, तो फोटो त्याने काढला नव्हता. तुम्हीच जेवणानंतर मला म्हणालात, “रोलमध्ये एकच राहिलाय, संपवून टाक आणि धुऊन आण,” आणि डोळे मिटलेत. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षे मी गप्प बसलो. तो बिचारा आता तुमच्याच गावात, तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. निघण्याआधी एकदा जाऊन या.

कारण निघायला तर लागणारच. त्या झोपेच्या फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे सुखरूप आहे, ती ताईला दाखवायची माझी मुळीच इच्छा नाही. आणि कपाटातल्या रोलमध्ये बारावी फ्रेम अजून कोरी आहे. पायऱ्यांचे आता जाऊ द्या. माई का बसल्या, हे मी त्यांना विचारले होते. म्हणाल्या, “दोन वर्षं झाली, पोरगा आला नाही. निदान चेहरा तरी पाठव माझा.” तुम्ही शेजारी बसलात तर त्या काठी न घालता पुन्हा बसतील, असे मला वाटते. डुलकी काढायची ती गाडीतच काढून या. आणि गाडी कोणती, ते उलट टपाली लवकर कळवा.