गिरजाबाईंची वाचनपरीक्षा

रोहे, ता. ९ जानेवारी १९६१

ती. दादास सरूचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. वहिनींचे पापड पोचले. निम्मे घरमालकीणबाईंनीच संपवले.

सकाळची शाळा आटोपली की दुपारी मी खाडीकाठच्या वाडीत बायांचा साक्षरतावर्ग घेते, हे तुला ठाऊक आहेच. महिनाअखेर तालुक्याचे साहेब परीक्षा घ्यायला येणार, म्हणून तू पाठवलेल्या धड्यावर काल मी रंगीत तालीम केली. ‘गोविंदा शेतावर गेला. गोविंदाने भात कापले.’ धडा आठवडाभर आधीच सगळ्यांना दिला होता. धोंडुबाईंनी तो न अडखळता म्हटला. मी शाबासकी द्यायला पुढे झाले, तर त्यांच्या हातातला कागद उलटा! ऐकून ऐकून पाठ केला होता.

आणि गिरजाबाई, साऱ्या वर्गात हुशार, त्या पहिल्याच शब्दापाशी खांबासारख्या उभ्या राहिल्या. मान खाली, तोंडातून अक्षर नाही. नेमक्या त्यांच्या सासूबाई, कृष्णाबाई, दारात बसल्या होत्या. त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या की तीन महिने घरची कामं टाकून हेच शिकली काय, आता वर्ग नाय नि काय नाय. गिरजाबाईंचा नवरा बोटीवर खलाशी आहे. त्याची पत्रे पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचतो आणि अख्खी वाडी ऐकते. आपल्या माणसाचे पत्र आपण एकटीने वाचावे, एवढ्यासाठी ही बाई अक्षरे गिरवते आहे. मी किती विचारले, पण ती बोलेना. दादा, मला शिकवताच येत नाही रे. नोकरी सोडून पेणला यावे असे वाटते.

तुझी माया आहे म्हणून इतके लिहिले.

सरू


पेण, ता. १३ जानेवारी १९६१

चि. सरूस अनेक आशीर्वाद.

कागद उलटा धरून वाचणारी विद्यार्थिनी मला नऊ वर्षांच्या मास्तरकीत तयार करता आली नाही. तू तीन महिन्यांत केलीस! आता डोळे पूस.

तुझे पत्र मी घरात वाचून दाखवले आणि गिरजाबाई कच्ची असेल असे मत दिले. तुझी वहिनी पापड लाटत होती. मान वर न करता तिने विचारले की त्या बाईच्या नवऱ्याचे नाव काय? मला काही उमजेना. तेव्हा म्हणाली, तुमच्या नावाचा धडा मला दिला असता तर मीही तोंड उघडले नसते. लग्नाला बारा वर्षे झाली, मी अजून ‘अहो’च आहे, हे मला कसे सुचले नाही! तेवढी चौकशी कर.

सरू, चूक तुमची कोणाचीच नाही, माझ्या परीक्षेची आहे. वाचता येते का, एवढेच परीक्षेने विचारायला हवे होते. तिने पाठांतराला गुण दिले आणि रीत पाळणारीला नापास केले. आता धडा आधी देऊ नकोस आणि मोठ्याने वाचायला लावू नकोस. प्रत्येकीला वेगळी चिठ्ठी दे, तीत एखादे काम लिही. वाचून ते करायचे. मात्र काम असे हवे की न वाचता कोणी करणारच नाही.

थंडी आहे, कान बांधून जात जा. आम्हा दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे.

कमळाकर


रोहे, ता. १८ जानेवारी १९६१

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वहिनींना माझा वेगळा नमस्कार सांग. नाव गोविंदाच! वाडीत सगळे त्याला ‘बोटवाले’ म्हणतात आणि हजेरीत मी नुसती बायांची नावे घातली, मला कळणार कसे? धोंडुबाईंनी नाव सांगितले तेव्हा गिरजाबाईंनी पदरात तोंड लपवले. मी वेडी त्यांना त्या दिवशी तीनदा ‘म्हणा ना’ म्हणत होते!

कृष्णाबाईंच्या घरी जाऊन आले. त्यांना हे पटत नाही. नाव घ्यायचं नाय ते ठीक, पण येतंय कशावरून, असे त्या म्हणतात. परीक्षेपुरते सुनेला पाठवतील, स्वतः येऊन बघतील, आणि तेव्हाही जमले नाही तर वर्ग कायमचा बंद. आठवण ठेव.

सरू


रोहे, ता. ३१ जानेवारी १९६१

ती. दादा व सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. साहेबांना तुझी युक्ती आवडली, पण माझ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवून त्यांनी तिथेच बसून स्वतः लिहिल्या; दारातल्या कृष्णाबाई कोणाच्या सासू, हेही मला विचारून घेतले. मी घाबरलेच. धोंडुबाईंनी चिठ्ठी सुलट धरली, पण ती त्यांना वाचता आली नाही. त्यांना पुन्हा बसवणार आहे.

गिरजाबाईंनी आपली चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग घामाघूम होऊन माझ्याकडे बघू लागल्या. कृष्णाबाई म्हणाल्याच, बघा, नाय येत. दादा, मला त्या क्षणी देव आठवला. तेवढ्यात गिरजाबाई उठल्या, साहेबांची टेबलावरची टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि नेऊन थेट सासूबाईंच्या मांडीवर ठेवली! कृष्णाबाई ओरडल्या, याड लागला काय गो! साहेबांनी हसत चिठ्ठी वाचून दाखवली: ‘माझी टोपी तुमच्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवा.’

कृष्णाबाई टोपीकडे नुसत्या बघत राहिल्या. कागदावर काय आहे हे आपल्या सुनेला साहेबांनी वाचून दाखवण्याआधीच कळले होते, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग टोपी जपून परत दिली आणि सुनेला एवढेच म्हणाल्या की उद्यापासून दुपारचा भात मी कांडीन, तू वर्गाला येलेवर जा गो. गिरजाबाई रडल्या, आणि खोटे कशाला सांगू, मीही रडले.

पेणला येईन ती आता सुट्टीतच. तोवर माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
सरू